तासलेली दारं

बटण लहानसंच होतं. निळं, त्यावर ‘प्रकाशित करा’ असं लिहिलेलं. पण मीटरताईंचं बोट त्याच्याजवळ जाई आणि विंचू दिसल्यासारखं मागे येई. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा आरशासमोर केस विंचरणारी त्यांची सून म्हणाली, "आई, ते चावत नाही."

"तुला काय जातंय बोलायला! सगळं जग वाचणार आता."

"सगळ्या जगाला तेवढंच काम आहे का? मी वाचेन, तुमचा लेक गाडी थांबवून चहा पिताना वाचेल, आणि वीजकंपनीतल्या तुमच्या दोघी मैत्रिणी. चार माणसं झाली. चौघांना घाबरता?"

मीटरताई चौघांनाच काय, एकालाही घाबरत. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरच्या विजेच्या मीटरवरचे आकडे टिपले, तरी भीती काही गेली नव्हती. मग एवढी भित्री बाई अनोळखी इमारतींत शिरायची कशी, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर असं, की त्या जिन्यापलीकडे जातच नसत. मीटर जिन्याखाली नाहीतर जिन्याच्या वळणावर असतो. आकडा बघायचा, वहीत लिहायचा, निघायचं. एखाद्या घरात कुत्रा भुंकला तर त्या शहाण्यासारखं "पुढच्या खेपेला बघू" म्हणून उतरायच्या. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

मग स्वतःच आकडे कळवणारे मीटर आले आणि हाताने आकडे टिपणाऱ्यांना कंपनीने घरी बसवलं. घरी बसून मीटरताईंनी तीन वर्षांत सगळी भांडी इतकी घासली, की सून म्हणाली, "आता यांचा तळ जाईल. तुम्ही काहीतरी दुसरं घ्या हातात." आणि दुसरं काय घ्यायचं तेही तिनेच सुचवलं. या भागातली एकूण एक इमारत तुम्हाला ठाऊक आहे. कुठे पाणी वर चढत नाही, कुठली लिफ्ट अडकते, कुठे जिन्यात दिवसाही अंधार असतो. लोक घर शोधताना रडकुंडीला येतात आणि एजंट त्यांना वाटेल ते सांगतात. तुम्ही लिहा.

"कुठे लिहू?"

"ब्लॉगवर."

ब्लॉग म्हणजे काय हे सुनेने त्यांना एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. आपली वही असते ना, ती समजा आपण चौकात टांगली. कोणीही यावं, पान उलटावं, वाचावं, आणि खाली आपलं म्हणणं लिहून जावं. मीटरताईंना चौकाचं ऐकूनच घाम फुटला होता. तरी त्या तीन आठवडे रोज दुपारी फोनवर एका बोटाने टाईप करायला शिकल्या. वहीला नाव दिलं: ‘आधी जिना बघा’.

आणि पहिली पोस्ट लिहिली ती पिवळ्या बिल्डिंगवर.

पिवळी बिल्डिंग चार मजल्यांची. दुसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने द्यायचं होतं. ते दाखवणारा एजंट कमरेला चाव्यांचं इतकं मोठं जुडगं लावायचा, की सगळे त्यालाच जुडगा म्हणत. तो यायच्या आधी त्याचा आवाज येई. त्याने मीटरताईंना मोठ्या आदराने घर दाखवलं आणि मीटरताईंनी जन्मात पहिल्यांदा, परक्या घराच्या खोल्याखोल्यांतून फिरून फोटो काढले. हरखून गेल्या. घरी येऊन त्यांनी लिहिलं:

‘इमारत जुनी पण नीट राखलेली. तळमजल्यावर नवा रंग. मीटर पूर्वी डाव्या भिंतीवर होते, माझे पाय सवयीने तिकडेच वळले! आता उजवीकडे सुबक नवी पेटी बसवली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली सगळी दारं नुकतीच तासून बसवली आहेत, एका बोटाने लागतात. मालकाला घराची किती काळजी आहे, ते दारांवरून कळतं.’

शेवटच्या वाक्यावर त्या स्वतःच खूश होत्या. तरी बटण काही दाबवेना. शेवटी सुनेने कंगवा ठेवला, सासूचं बोट धरलं आणि टेकवलं. "झालं. पडलं का आभाळ?"

आभाळ पडलं नाही. अकरा जणांनी वाचलं. जुडग्याने तर ती पोस्ट छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून पिवळ्या बिल्डिंगच्या दारातच लावली. आणि पंधरा दिवसांनी मीटरताईंच्या फोनवर एका बाईने रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप आला. मागे शिलाई मशीन चालल्याचा खडखडाट होता.

"ताई, मी तुम्हाला ओळखत नाही, पण तुमचं वाचून मी घर घेतलं भाड्याने. पिवळ्या बिल्डिंगमधलं. मी शिवणकाम करते, दोन मुली आहेत, नवरा लांब कामाला. मला खरं सांगणारं इथे कोणी नव्हतं. तुमचे उपकार झाले."

मीटरताईंनी तो निरोप सहा वेळा ऐकला. सुनेला दोनदा ऐकवला.

मग दीड महिन्याने, सकाळी चहा घेताना, त्या पोस्टच्या खाली कोणीतरी लिहिलेलं त्यांना दिसलं.

‘ताई, दारं हौसेने कोणी तासत नाही. चौकट तिरकी झाली की दार अडकतं, मग तासतात. चौकट तिरकी का झाली, ते विचारलंत का? तुमचा तिसरा फोटो बघा. — एक म्हातारा गवंडी.’

खाली फोन नंबर होता.

मीटरताईंनी तिसरा फोटो उघडला. स्वयंपाकघराचं बंद दार, त्यांनीच काढलेलं. त्यांनी तो बोटांनी मोठा केला. दाराची वरची कड आणि चौकट यांच्यामध्ये एका बाजूला नखाएवढी फट होती, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हती. दाराची वरची कड सरळ नव्हतीच. ती उतरती तासली होती, उतरत्या चौकटीत बसावी म्हणून. दोन महिने हा फोटो त्यांनी कौतुकाने पाहिला होता, आणि दिसलं हे असं आत्ता.

त्यांनी लगेच गवंड्याला फोन लावला.

"मोठ्याने बोला ताई, मला एका कानाने कमी ऐकू येतं. आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, लेकीच्या गावी पडून आहे, नाहीतर स्वतः आलो असतो."

"काका, घाबरण्यासारखं काही आहे का?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू? प्लास्टरवर केसासारख्या भेगा सगळ्याच घरांत असतात. माझ्या आहेत, तुमच्याही असतील. भेग असली म्हणून घाबरायचं नाही. भेग वाढत असेल तर घाबरायचं. पाया एका बाजूने खचत असला की भिंत फाटते, वरच्या चौकटी तिरक्या होतात. खाली कुठे भेग दिसली होती?"

"नाही हो. खाली सगळा नवा रंग आहे. मीटरची पेटीसुद्धा नवी..."

आणि मीटरताई बोलता बोलता थांबल्या.

मीटर हलवणं म्हणजे खेळ नसतो. कंपनीकडे अर्ज करावा लागतो, माणूस येतो, सगळ्या तारा नव्याने ओढाव्या लागतात, दिवसभर अख्ख्या इमारतीची वीज बंद. एकतीस वर्षांत त्यांनी हौसेने मीटर हलवणारा मालक पाहिला नव्हता. डाव्या भिंतीला काही झालेलं नव्हतं. मग त्या उजव्या भिंतीवर असं काय होतं, जे झाकायला एवढी मोठी पेटी लागली?

"ताई? गेलात का?"

"आहे, काका."

"त्या भिंतीची मागची बाजू कुठे निघते?"

ते या भागात मीटरताईंशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं. त्या भिंतीच्या मागे जिन्याखालचा कोनाडा होता. सफाईवाली तिथे झाडू ठेवायची, आणि पूर्वी मीटरताई पावसात तिथे छत्री ठेवायच्या. तिथे रंग द्यायला कोणी जात नसणार.

गवंड्याने मग त्यांना नीट, एकेक गोष्ट दोनदा सांगत, काय करायचं ते समजावलं. काचेची बोटभर रुंद, पातळ पट्टी घ्यायची. भेगेवर आडवी ठेवायची. दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्याने भिंतीला पक्की करायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली नाही तर काच वर्षभर तशीच राहते. हलली की तडकते, कारण काचेला ताणता येत नाही. "घाबरू नका असं मी म्हणणार नाही ताई. घाबरा. पण काच लावा. आणि आठवड्याच्या आत तडकली तर मला फोन करत बसू नका, सरळ नगरपालिकेच्या इंजिनियरला गाठा."

फोटोंना चौकटी करणाऱ्या दुकानातून मीटरताईंनी काचेच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या. "एवढ्याशा काचेत कोणाचा फोटो लावणार?" दुकानदाराने विचारलं. त्यांना हसताही आलं नाही.

मंगळवारी सकाळी अकराला त्या पिवळ्या बिल्डिंगमध्ये शिरल्या. दारातच त्यांची पोस्ट प्लास्टिकमध्ये चकाकत होती. ‘मालकाला घराची किती काळजी आहे.’ मान खाली घालून त्या तिच्या पुढून गेल्या. जिन्याखाली वाकून त्यांनी मोबाईलचा दिवा लावला.

आधी कोळ्याची जाळी दिसली, मग झाडू, मग ती भेग. जमिनीपासून निघून तिरकी वर गेलेली, जिन्याच्या पोटापर्यंत. केसासारखी मुळीच नव्हती. मीटरताईंनी पर्समधलं पेन काढलं आणि भीत भीत तिच्यात घातलं. पेन टोपणापर्यंत आत गेलं. आत कुठेतरी थंड हवा होती, ती त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी पेन असं झटकन ओढलं, जणू आतून कोणी धरलं होतं.

वर कोणीतरी जिना उतरत होतं. प्रत्येक पावलाबरोबर भेगेतून थोडी थोडी माती गळत होती. पाऊल, माती. पाऊल, माती. मीटरताई पावलं मोजत राहिल्या. याच जिन्याखाली त्यांनी एकतीस वर्षं पावसात छत्री ठेवली होती.

त्यांनी प्लास्टर कालवलं, काच लावली, शेजारी पेन्सिलने तारीख घातली. काच सरळ बसली की नाही ते वाकून बघत होत्या, तेवढ्यात मागून चाव्या वाजल्या.

"मावशी! जिन्याखाली काय शोधताय? मीटर तर पलीकडे आलेत."

जुडगा वाकून आत बघत हसत होता. मीटरताईंनी पाठ भेगेकडे केली, म्हणून ती झाकली जाणार होती असं नाही.

"छत्री... माझी जुनी छत्री राहिली होती."

"तीन वर्षांनी आठवली?" तो अजून हसतच होता. "मावशी, तुम्ही लिहिता छान. लोक विश्वास ठेवतात. तसंच लिहीत राहा. कोणी गवंडी-बिवंडी काही बरळतो, ते पुसून टाका. तुमची सून दातांच्या दवाखान्यात बसते ना, खिडकीपाशी? ती जागा आमच्या मालकांचीच. मालक परवाच म्हणत होते, डॉक्टर आपलं ऐकतात, आणि मुलगी कामसू आहे. राहावी तिथे."

एवढं बोलून त्याने त्यांना हात देऊन बाहेर काढलं, कपड्यांवरची धूळ झटकायला रुमालही दिला. रस्त्यावर आल्यावर मीटरताईंच्या लक्षात आलं की तो रुमाल अजून त्यांच्या मुठीत होता, घामाने भिजलेला.

संध्याकाळी त्यांनी सुनेला काही सांगितलं नाही. बुधवारी दिवसभर त्यांनी तीच ती भांडी घासली. सून म्हणाली, "आई, बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय!" आणि मग हातातली ताटली सुटून खाली पडली, तेव्हा तिच्या आवाजाने दोघींत जास्त कोण दचकलं, तर मीटरताईच.

गुरुवारी त्या परत गेल्या. चाव्यांचा आवाज येत नाही याची कानोसा घेऊन खात्री केली. पण कोनाड्यात डोकवायचं धाडस होईना, म्हणून त्या आधी वर गेल्या. भित्री माणसं असंच करतात, मोठ्या भीतीला टाळून आधी लहान भीती उरकून घेतात.

शिंपिणीने दार उघडलं, त्यांचं नाव ऐकलं आणि गळ्यातल्या मोजायच्या टेपसकट त्यांना मिठी मारली. "तुम्ही मीटरताई! बसा, बसा. अगं, ताईंना पाणी दे." घरभर कपड्यांचे तुकडे होते. कोणाच्या तरी लग्नाचा भरजरी पोशाख मशीनवर अर्धा शिवून पडला होता. थोरली मुलगी, नऊएक वर्षांची, पाणी घेऊन आली. धाकटी पाच वर्षांची असेल. ती बाथरूमच्या दाराला खांदा लावून ढकलत होती.

"आई, हे परत नाही लागत!"

"जोर लाव गं," शिंपीण म्हणाली, आणि मीटरताईंना म्हणाली, "आलो तेव्हा बोटाने लागायचं, तुम्ही लिहिलं होतं तस्सं. आठ दिवस झाले, जोर लावावा लागतो. एजंटला सांगितलंय. म्हणाला, सुताराला पाठवतो, अजून थोडं तासून देईल."

मीटरताईंच्या हातातला पेला ओठांपर्यंत गेलाच नाही. अजून थोडं तासून. भिंत खचणार, दार तासणार. परत खचणार, परत तासणार.

"ताई, पाणी प्या ना."

"आलेच," मीटरताई म्हणाल्या आणि उठल्या.

जिना त्या भिंतीला हात न लावता उतरल्या. कोनाड्यात वाकल्या. दिवा लावला.

काच दोन तुकड्यांत होती. दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटलेली होती आणि मध्ये काचेच्या दोन कडांमध्ये एक काळी रेघ होती, आगपेटीच्या काडीएवढी रुंद. दोन दिवसांत.

मीटरताईंचे पाय दाराकडे वळले. खरंच वळले, एकतीस वर्षांची सवय होती, आकडा बघायचा आणि निघायचं. त्या दारापर्यंत पोचल्यासुद्धा. बाहेर ऊन होतं, रस्ता होता, कोणी ओळखीचं नव्हतं. घरी जाऊन इंजिनियरला निनावी फोन करता आला असता. सुनेची नोकरी वाचली असती. जुडग्याला कळलंही नसतं.

दारात त्यांची पोस्ट लटकत होती. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि ‘काळजी’ या शब्दावर काट मारायचा प्रयत्न केला. पण प्लास्टिकवर शाई उमटेना. पेन नुसतं घसरत राहिलं. फाडायला गेल्या, तर फाटेही ना. आणि वरून, दुसऱ्या मजल्यावरून, शिलाई मशीनचा खडखडाट सुरू झाला.

त्यांनी ती अख्खी पोस्ट खिळ्यावरून उपसली, काखेत मारली आणि जीव मुठीत धरून परत जिना चढायला लागल्या. आता प्रत्येक पायरीखाली काय आहे ते त्यांना माहीत होतं. त्या शक्य तितकं हलकं पाऊल टाकत होत्या, जणू त्यांच्या एकटीच्या वजनाने उरलंसुरलं सगळं निसटणार होतं.

त्यांनी दारातूनच सांगितलं. मध्ये थांबल्या असत्या तर परत बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं: दारं का तासली, पेटी का हलवली, काच कशी तडकली.

शिंपीण मशीनवरून उठलीही नाही. "मग तुम्ही लिहिलंत कशाला?"

"मला कळत नव्हतं."

"कळत नव्हतं तर लिहायचं कशाला? मी तीन घरं बघितली होती. तिसरं जवळजवळ घेतलं होतं. तुमची ती दारांची ओळ वाचली आणि सोडलं. ज्या मालकाला दारांची एवढी काळजी, तो भाडेकरूंचीही घेईल, असं म्हटलं मी." तिने मशीन परत चालू केलं. "आता म्हणता भिंत फाटलीय. उद्या तिसरंच काही म्हणाल. मला उद्या हा पोशाख द्यायचाय."

मीटरताई गेल्या नाहीत. त्या दारात उभ्याच राहिल्या. धाकटी त्यांच्या काखेतल्या चकाकत्या कागदाकडे बघत होती.

"एकदा खाली चल," त्या शेवटी म्हणाल्या. "तू स्वतः बघ. मग मला हवं ते बोल."

शिंपीण धुसफुसत खाली आली. कोनाड्यात वाकली. काच बघितली, तारीख वाचली. मग तिने भेगेच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं, जसं ती रोज कपड्यावरून फिरवत असेल तसं, खालून वर. बोट वर जाता जाता मंदावलं.

"उसवतंय," ती एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिला काही समजवावं लागलं नाही. ती उठली आणि धावत वर गेली. मीटरताई ओरडल्या, "हळू! एकेक करून या खाली!" आणि आपलाच एवढा मोठा आवाज ऐकून चकित झाल्या.

शिंपीण मुलींना घेऊन बाहेर आली, तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभं राहून मीटरताईंनी सुनेला फोन लावला आणि जुडग्याचं बोलणं सांगितलं. "तुझी नोकरी जाईल गं. लिहू का नको?"

पलीकडे दाताच्या मशीनची घूं चालू होती. सून म्हणाली, "आई, मी इथे रोज तेच बघते. आतून किडलेलं, वरून पांढरं केलेलं. लिहा तुम्ही. आणि दोन दिवस एकटीने भांडी काय घासत बसलात? मला सांगायला तोंडाला कुलूप होतं?"

मीटरताईंनी उभ्या उभ्याच लिहिलं. ‘पिवळ्या बिल्डिंगबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. दारं का तासली, हे मी विचारलं नाही. मीटरच्या पेटीमागे जिन्याची भिंत फाटली आहे आणि भेग दोन दिवसांत आगपेटीच्या काडीएवढी वाढली आहे. हे फोटो. आत राहणाऱ्यांनी आज बाहेर पडावं.’ या वेळी बोट मागे फिरलं नाही. तेच फोटो त्यांनी नगरपालिकेच्या इंजिनियरला पाठवले, आणि फोन उचलेपर्यंत फोन करत राहिल्या.

इंजिनियर तीनच्या सुमाराला आला. जाडजूड, घाईतला माणूस, येतानाच वैतागलेला. "कोण त्या ब्लॉगवाल्या बाई?" म्हणत तो कोनाड्यात शिरला. बाहेर आला तेव्हा त्याचा वैताग गेला होता, आणि तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला. मीटरताईंना त्याच्या आधीच्या आवाजापेक्षा या हळू आवाजाची जास्त भीती वाटली.

"गॅस बंद करा. लिफ्ट वापरू नका. जिन्यावर एका वेळी एकच माणूस. सामान नंतर."

माणसं एकेक करून खाली आली. चौथ्या मजल्यावरचे आजोबा शिव्या देतच उतरले. "हीच ती बाई! हिचाच कागद दारात लावला होता, लई भारी घर म्हणून!" जुडगा आला, मोठमोठ्याने फोनवर बोलायला लागला, मग इंजिनियरचं तोंड बघून बोलता बोलता गप्प झाला. पाच वाजेपर्यंत सगळे रस्त्यावर होते. लोखंडी टेकू घेऊन एक ट्रक आला. पहिला टेकू आत नेत असतानाच आतून ‘कट्’ असा आवाज आला, फार मोठा नाही, वाळकी फांदी मोडावी एवढाच. टेकूवाले दोघे उलट्या पावली बाहेर पळाले. आणि रस्त्यावरून सगळ्यांना दिसलं, की उजव्या भिंतीवरच्या मीटरच्या सुबक पेटीचं दार आपोआप उघडलं, हळूहळू, कोणीतरी आतून ढकलल्यासारखं.

रस्त्यावरचे सगळे चार पावलं मागे सरले. आजोबासुद्धा. धाकटीने आईचा पदर तोंडात धरला होता.

टेकू लागले. इमारत उभी राहिली, त्या दिवसापुरती तरी. इंजिनियरने दाराला कुलूप घातलं. सगळे आपापल्या नातेवाइकांकडे गेले. शिंपिणीचं जवळपास कोणी नव्हतं, म्हणून ती, दोन मुली, कुलपाआधी बाहेर काढलेलं शिलाई मशीन आणि तो अर्धा शिवलेला पोशाख मीटरताईंच्या पुढच्या खोलीत आले. ती मीटरताईंशी एक शब्द बोलत नव्हती. सुनेशी बोलत होती, मुलींशी बोलत होती, मशीनशीसुद्धा पुटपुटत होती. सून दवाखान्यातून आली तेव्हा मीटरताईंनी डोळ्यांनीच विचारलं. सून म्हणाली, "आज नाही आला मालकाचा फोन. उद्या येईल. आला की बघू."

तेवढ्यात आतून धाकटीचा आवाज आला.

"आई! हे पण नाही लागत!"

ती मीटरताईंच्या बाथरूमच्या दाराला खांदा लावून ढकलत होती. घरातली बाकी चारही माणसं जागच्या जागी थांबली. ते दार अडकायचं हे खरं होतं, कित्येक वर्षं अडकायचं. पाण्याने फुगतं म्हणून. पण तसं ते फुगतं हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. मीटरताईंनीच ठरवलं होतं.

त्या दारापाशी गेल्या, चौकटीच्या चारी कोपऱ्यांना हात लावून बघितलं. गवंड्याने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आता आठवली: चौकट सरळ आहे का बघायचं असेल तर वरच्या एका कोपऱ्यापासून खालच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजायचं, मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट तिरकी झालेली नाही.

"टेप," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही कळलं नाही.

शिंपीण उठली. गळ्यातली टेप काढली, एक टोक मीटरताईंच्या हातात दिलं आणि स्वतः खाली वाकली. कपड्याचं माप घ्यावं तशी तिने टेप ताणली, आकड्यावर नख ठेवलं. मग दुसऱ्या बाजूने. थोरली शेजारी येऊन उभी राहिली. मीटरताईंच्या हातातलं टेपचं टोक थरथरत होतं, म्हणून शिंपिणीने वर हात करून त्यांचं मनगट धरलं आणि स्थिर केलं.

"सारखंच आहे," ती म्हणाली. दुपारनंतर ती मीटरताईंशी पहिल्यांदाच बोलत होती.

"परत एकदा मोज," मीटरताई म्हणाल्या.

शिंपीण खाली वाकली. तिने परत टेप ताणली.